दौंडचा बॉयलर आणि हौसरावांची म्हैस

शिरूरमध्ये माणसाला गरम पाण्याने अंघोळ करायची असेल तर त्याने ती गुपचूप करावी. मी ती शास्त्रशुद्ध पद्धतीने करायला गेलो आणि गल्लीतल्या एकूण एक अर्धवटाला माझ्या न्हाणीघरात शिरायचा परवाना मिळाला.

कारण अगदी घरगुती होतं. माझा मुलगा सत्यजीत पुण्यात खराडीला असतो. त्याची बायको धनश्री आणि दोन वर्षांची पिंकी. ही मंडळी आमच्याकडे सकाळी येतात आणि चहाचे कप वाळायच्या आत परत निघतात. मुक्काम म्हणून नाही. मी फोनवर जरा आवाज चढवून विचारलं तेव्हा सत्यजीत म्हणाला, "बाबा, धनश्रीला कधीही गरम पाणी लागतं. तुमच्याकडे पहाटे लाइट नसते, सोलरचं पाणी दुपारी तापतं. लहान मुलीला घेऊन राहायचं कसं?"

मला नात हवी होती. यात लपवण्यासारखं काही नाही. व्हिडिओ कॉलवर ती फोन चाटते आणि मला रडू येतं, हे फक्त सविताला, म्हणजे माझ्या बायकोला माहीत होतं, आता तुम्हालाही कळलं. तेव्हा या दिवाळीची पहिली अंघोळ पिंकीने शिरूरलाच करायची, आमच्या घरी, ऊन ऊन पाण्याने, असं मी ठरवलं. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून उभी नोकरी केलेला माणूस मी. मला अजूनही लोक भाऊसाहेब म्हणतात. पाणी या विषयावर मला शहाणपण शिकवणारा शिरूर तालुक्यात अजून जन्मायचा आहे, हे मी त्या वेळीही म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

पहिली माती बबनरावांनी खाल्ली. बबनराव आमच्या समोर राहतात. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, निवृत्त झाले, पण जगातली प्रत्येक वस्तू ही मुळात एसटीच असते या समजुतीतून काही निवृत्त झाले नाहीत. ते म्हणाले, "भाऊसाहेब, दौंडला टेशनजवळचं एक लॉज बंद पडलंय. त्यांचा ग्यासवरचा बॉयलर निघालाय इकायला. वाघ हाय वाघ!"

बॉयलर खरोखरच दांडगा होता. अख्ख्या लॉजला पाणी पुरवणारा. सविता म्हणाली, "अहो, आपण दोघं माणसं. एवढं पाणी तापवून काय कालव्याला सोडायचंय?" बायकांना भव्य गोष्टींची भीती वाटते. मी म्हणालो, लहान वस्तू घेऊन पस्तावलेली माणसं मी पाहिली आहेत, मोठी घेऊन पस्तावलेला एकही पाहिला नाही. आता एक पाहिला आहे, पण तो मुद्दा वेगळा.

टेम्पोतून तो येताना इनामगावच्या फाट्यावर टायर बसलं. टायर बदलेपर्यंत मी रस्त्याकडेला उभा राहून विचार करत होतो. या इनामगावात हजारो वर्षांपूर्वीची वस्ती सापडली, त्यांच्या चुली सापडल्या. म्हणजे ती माणसं घोडनदीचं पाणी आणून चुलीवर तापवून सुखाने अंघोळ करत असणार. समोर बबनराव राहत नसल्यामुळे त्यांची संस्कृती बरीच वर्षं टिकली.

मग गॅस एजन्सी. घरगुती सिलिंडर या बॉयलरला लावता येत नाही, कमर्शियल लागतो, असं तिथल्या पोराने कळवलं. बरं, कमर्शियल दे. तर म्हणे कमर्शियलला व्यवसाय लागतो.

"व्यवसाय काय लिहू?" त्याने विचारलं.

"अंघोळ," मी म्हणालो.

"म्हणजे हॉटेल?"

"घर. मी आणि माझी बायको."

"मग व्यवसाय कसा काय?"

"व्यवसाय नाहीच, बाबा. आम्ही फुकट करतो."

त्याने आतल्या साहेबांना विचारलं, आतल्या साहेबांनी पुण्याच्या साहेबांना. मी सरकारी खात्यात आयुष्य काढलंय, समोरच्याला हेलपाटे कसे घालायला लावायचे हे मला चांगलं कळतं. पण ते आम्ही निदान गंभीर चेहऱ्याने करायचो, हा हसत होता. शेवटी सविताच्या पापड-कुरडयांचा लघुउद्योग आहे असं दाखवून सिलिंडर मिळाले. तेव्हापासून एजन्सीवाले दर खेपेला पापड मागतात. सविताला पापड लाटता येत नाहीत, म्हणून मी बाजारातून विकत आणून त्यांना देतो.

बॉयलर न्हाणीघराच्या मागच्या पडवीत बसवला. नारळ फोडला, हळद-कुंकू वाहिलं, बबनरावांनी "बोला गणपती बाप्पा" केलं आणि मी बटण दाबलं.

आधी शिट्टी आली. बारीक, लांबलचक, कानाच्या आतल्या बाजूला खाजवणारी. मग काही क्षण शांतता, आणि मग "धडाम". पडवीचा पत्रा उडून परत जागेवर बसला. त्यानंतर पाइपातून टक-टक, टक-टक, जणू आत कुणी सोनार बसलाय. आणि पाणी तापू लागलं तसा पोटातून एक आवाज सुरू झाला, घुर्रर्र... भुड-भुड... घुर्रर्र. पाणी मात्र तापलं. तेवढं कुणीच लक्षात घेतलं नाही.

बबनराव कान लावून म्हणाले, "टॅपेट."

"बॉयलरला टॅपेट नसतं, बबनराव. ते इंजिनाला असतं."

"मग तर नक्कीच. टॅपेटच न्हाई म्हंजी आवाज येनारच की!"

दुसऱ्या दिवशी कुंपणाच्या भिंतीवर हौसरावांचं डोकं उगवलं. हौसराव आमच्या मागचे. मूळचे दौंड तालुक्यातल्या खुटबावचे. तिथली शेती मुलांवर सोपवून त्यांनी शिरूरला बंगला बांधला. बंगल्याला फॉल्स सीलिंग आहे, गेटला रिमोट आहे आणि मागे गोठा आहे, कारण म्हशीशिवाय त्यांना झोप येत नाही. म्हशीचं नाव मैना. गोठा आणि माझी पडवी यांच्यामध्ये एक भिंत.

"भाऊसाहेब," हौसराव म्हणाले, "काय बसिवलंय ह्ये? मैना पान्हवत न्हाई. सकाळधरनं कास आखडून उभी हाय. धडाम झालं आन् बादलीच उडवली तिनं."

"हा शास्त्रीय बॉयलर आहे, हौसराव. सवय होईल तिला."

"तिला कशापायी सवय व्हावी? ती हितं आधीपासनं हाय."

म्हशीच्या बाजूने वाद घालणाऱ्या माणसाला उत्तर द्यायचं नसतं. मी आत गेलो.

मग आला गल्लीतलाच सम्राट. रांजणगावच्या एमआयडीसीत कुठल्याशा कंपनीत बॉयलर सेक्शनला आहे. त्याच्या बोलण्यात मराठी फक्त क्रियापदापुरती उरली आहे. "सर, हे ओव्हरसाइज आहे. लोड नाही, म्हणून शॉर्ट सायकलिंग होतंय. प्लस इग्निशन डिले आहे, बर्नर चोक वाटतोय, रेग्युलेटर पण डाउटफुल आहे." मी म्हणालो, आजार सांगू नकोस, औषध सांग. त्याने मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला आणि आपल्या टेक्निकल ग्रुपवर टाकला. ग्रुपवरून तेलंगणातल्या कुणीतरी कळवलं, बेअरिंग गेलं. बॉयलरला बेअरिंगही नसतं. पण सम्राटने मान डोलावली. देशभरातले मूर्ख पूर्वी एकमेकांना भेटायला वेळ लागायचा, आता लागत नाही.

तरी त्याने रेग्युलेटर बदलला. शिट्टी गेली. मी सविताकडे विजयी मुद्रेने बघितलं. पण शिट्टी गेल्यामुळे "धडाम" जास्त स्पष्ट ऐकू येऊ लागला, कारण आता त्याची आगाऊ सूचना मिळेना. पूर्वी शिट्टी ऐकून मैना निदान तयारीत असायची, आता थेट हबकायला लागली. हौसरावांचं डोकं परत भिंतीवर आलं. मी शिट्टी परत बसवून द्यावी, असा त्यांचा प्रस्ताव होता.

पुढच्या खेपेला सम्राटने बर्नर उघडला. आतून कोळिष्टकं निघाली, एक कुंभारमाशीचं मातीचं घर निघालं आणि लॉजवरच्या कुणाची तरी विडीची थोटकं निघाली. साफ केल्यावर धडाम गेला. राहिली टक-टक आणि घुर्रर्र. टक-टकीवर बबनरावांनी स्वतः हात घातला. एसटीच्या टायरच्या ट्यूबचे तुकडे कापून त्यांनी पाइपाच्या क्लॅम्पांखाली सारले. टक-टक थोडी मऊ झाली, टप-टप म्हणण्याइतकी. "सस्पेन्शन," बबनराव म्हणाले, आणि आमच्याकडे जेवून गेले. घुर्रर्र मात्र कुणाला दाद देईना. सम्राटने लेव्हल लावली, गॅसचा दाब कमी-जास्त केला, स्क्रू फिरवले. घुर्रर्र दाबाप्रमाणे सूर बदलायची, बंद काही व्हायची नाही.

इकडे हौसराव नगरपरिषदेत गेले. नगरपरिषदेने सांगितलं, आवाजाचं पोलिसांकडे. पोलिसांनी सांगितलं, आवाज मोजायचं यंत्र गणपतीत निघतं, एरवी मोजता येत नाही, आणि म्हैस हा विषय जनावरांच्या दवाखान्याचा. दवाखान्यातले डॉक्टर येऊन मैनेला तपासून गेले. म्हैस उत्तम आहे, म्हणाले, पण वातावरण बदललंय, तिच्याशी प्रेमाने वागा. हौसराव म्हणाले, मी प्रेमानंच वागतोय, प्रेमानं न वागणारा भिंतीच्या पलीकडं राहतो. डॉक्टरांनी भिंतीवरून माझ्याकडे पाहिलं. मी बनियनवर होतो. एका निवृत्त कालवा निरीक्षकाकडे पशुवैद्यकीय नजरेने बघितलं गेलं, ही गोष्ट मी अजून विसरलेलो नाही.

हौसरावांनी आमचं दूध बंद केलं. आम्ही पिशवीवर आलो. रस्त्यात दिसले की ते मान वळवायचे आणि मी त्यांच्याआधी वळवायचो.

दिवाळी जवळ आली. सत्यजीतला मी रोज फोन करत होतो. "बॉयलर झालाय का नीट?" तो विचारायचा. मी म्हणायचो, झाल्यातच जमा आहे. तेवढ्यात पडवीतून घुर्रर्र यायची आणि तो म्हणायचा, "बाबा, पिंकी घाबरेल हो. बघू." हे "बघू" मला चांगलं माहीत होतं. ऑफिसात शेतकऱ्यांना मी हेच सांगायचो. बघू म्हणजे नाही. फोन ठेवल्यावर मी पडवीत जाऊन त्या लोखंडी धुडाकडे बघत बसायचो. नातीच्या आणि माझ्यामध्ये आता एवढा एकच अडथळा होता आणि तो दौंडहून मीच भाड्याच्या टेम्पोतून आणला होता. मनात आलं, घाव घालून फोडून टाकावा. पण मग गरम पाणी कुठून आणू?

आमच्याकडे पहिल्या अंघोळीच्या आदल्या संध्याकाळी पाणी तापवायच्या बंबाची पूजा असते. बंब चिंचेने घासून लख्ख करायचा, त्याला हळदी-कुंकवाची बोटं ओढायची, फुलांची माळ घालायची, पाणी भरून ठेवायचं. सविता सासूकडून शिकली आणि तिने आजवर हे चुकवलेलं नाही. आमचा तांब्याचा बंब मी केव्हाच मोडीत घातला होता. तेव्हापासून ती सोलरच्या टाकीला चिंच लावायची, यंदा पूजा बॉयलरची.

दिवाळीच्या चार-दोन दिवस आधीच तिने चिंच भिजत घातली. घासायला गेली तर बॉयलरला हिरवा ऑइलपेंट. चिंचेने तो निघाला, खालून जास्त घाणेरडा गंज दिसला. "बाहेरून नको तर आतून," ती म्हणाली.

"सविता, ही शास्त्रीय वस्तू आहे. त्यात आमटीचं साहित्य घालत नाहीत."

"बंब चिंचेनं धुतल्याशिवाय माझी दिवाळी होत नाही. तुम्ही व्हा बाजूला."

आणि तिने वरचं झाकण उघडून वर्षाची चिंच, होय, अख्ख्या वर्षाची बरणी, कोळ करून आत ओतली. वर गरम पाणी, वर झाकण. मी विरोध केला नाही. घरातल्या अडाणीपणाशी मी आता भांडत नाही. दुसऱ्या दिवशी खालचा कॉक सोडला तर तपकिरी पाण्याबरोबर पांढऱ्या खपल्या पडायला लागल्या. पोपडेच्या पोपडे. आमच्या बोअरच्या पाण्याचा क्षार, लॉजच्या बोअरचा क्षार, सगळा आत थापून बसला होता आणि त्याच्याखाली पाणी कोंडून घुरघुरत होतं. मी हे लगेच ओळखलं. म्हणजे खपल्या पाहिल्यावर ओळखलं. सविताला काहीच ओळखायचं नव्हतं, तिने बंब घासला होता, बस.

धुऊन पाणी भरलं आणि बटण दाबलं. आवाज नाही. मी कान लावला, पाणी तापत होतं, आणि आवाज नाही. बबनरावांनी कान लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. सम्राटला फोनवर ऐकवलं तर तो म्हणाला, "सर, चालू करा ना आधी."

सत्यजीतला मी व्हिडिओ कॉल करून मुद्दाम बॉयलरसमोर उभा राहिलो. फोन बॉयलरच्या पोटाशी धरला. आता त्याच्याकडे "बघू" म्हणायला कारण राहिलं नव्हतं. आणि ती मंडळी आली! बॅगा घेऊन आली. पिंकी माझ्या मांडीवर बसून चिवडा सांडत होती आणि सविता रांगोळी काढत होती. एवढं समाधान मला पेन्शन सुरू झाली तेव्हाही झालं नव्हतं.

पहिल्या अंघोळीच्या पहाटे मी सगळ्यांच्या आधी उठलो, बॉयलर लावला, उटणं काढलं. तेवढ्यात गेटवर बोंब. हौसराव, अंगाला तेल, कमरेला पंचा, हातात रिकामी बादली.

"भाऊसाहेब! यंत्र का लावंना तुम्ही?"

"लावलंय की. दुरुस्त झालंय, हौसराव. आता तुमच्या म्हशीला काही त्रास नाही."

"त्रास? आवं, मैना पान्हवंना! दोन महिनं झालं, तुमचं घुर्रर्र चालू झालं की ती सोडती धार. त्याच्याबिगर आता तिला येळच कळंना. आवाज थांबल्यापासनं धार आटत आली, काल संध्याकाळी न्हाई, आज न्हाई. दिवाळीचा दिस, घरात दुधाचा टिपूस न्हाई आन् कास दगडावानी झालीय. सडाला दाह होऊन मरंल ओ ती!"

"म्हणजे ती दोन महिने दूध देत होती? आणि आमचं दूध बंद?"

"आता तक्रार केलीती नव्हं. मागं कशी घ्यायची?"

"आणि रस्त्यात तोंड फिरवत होता!"

"तुम्हीबी फिरवत हुता की. त्ये ऱ्हाऊ द्या. आवाज काढा."

"बॉयलर दुरुस्त झालाय हो. त्यातनं आता आवाज निघत नाही."

हौसरावांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग तुम्ही काढा," ते म्हणाले.

आता मला सांगा, पाटबंधारे खात्यातल्या माणसाने, ऐन दिवाळीत, अंगाला उटणं लावून, दुसऱ्याच्या गोठ्यात उभं राहून बॉयलर व्हायचं? मी ठाम नकार द्यायच्या बेतात होतो. पण भिंतीपलीकडून मैना रेकली. ते रेकणं ऐकून पिंकी उठली, माझा हात धरून "म्हस, म्हस" करत गोठ्याकडे ओढायला लागली आणि मी गेलो. मागून धनश्री शाल गुंडाळून आली, बबनरावही आले.

मी घसा साफ केला. "घुर्रर्र," मी म्हणालो.

"आसं न्हाई," हौसराव म्हणाले. "मधी भुड-भुड हुतं."

"आन् टप-टप," बबनराव म्हणाले. "ते सस्पेन्शनचं मी करतो." त्यांनी गव्हाणीवर ताल धरला.

"घुर्रर्र... भुड-भुड... घुर्रर्र..." मैनेने कान हलवले. हौसराव खाली बसले. बादलीत पहिली धार वाजली तशी पिंकी टाळ्या पिटत खदखदून हसली. इतकी हसली की गवतात बसली. मी थांबलो की ती म्हणायची, "आजोबा, आणखी," आणि हौसरावही तेच म्हणायचे.

श्वास घ्यायला थांबलो तेव्हा धनश्री शेजारी उभी होती. तीही हसत होती, डोळे पुसत.

"चला," मी म्हणालो, "अंघोळीचं पाणी तयार आहे. पाहिजे तेवढं गरम. तुला कधीही लागतं ना."

"मला?" ती म्हणाली. "बाबा, मी बाराही महिने गार पाण्याने अंघोळ करते. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सत्यजीतने."

तिने शाल सारखी केली. मग म्हणाली, "राग नका धरू. तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला नावं ठेवता. माझ्या आईच्या पुरणपोळीपासून पिंकीच्या चालण्यापर्यंत. रात्रभर राहायचं म्हटलं की मीच नको म्हणायचे. ते तुम्हाला सांगणार कसं? म्हणून त्याने गरम पाणी सांगितलं असेल."

मी नावं ठेवतो? मी? ज्या माणसाने आयुष्यात कुणाला उगाच... या असल्या अर्धवट पोरीला चांगलं खडसावायचं म्हणून मी तोंड उघडलं. कालव्यावरच्या पाणीचोरांना सुनावलेली वाक्यं मला अजून पाठ आहेत. पण खाली पंचाला ओढ बसली. पिंकी माझ्या पंचाला धरून वर बघत होती. धनश्रीही बघत होती, आता मी काय म्हणतो म्हणून, आणि तिचं हसू जाऊ की राहू अशा बेतात होतं. मैनेने मान वळवली. धार थांबली.

"भाऊसाहेब," हौसराव खालून म्हणाले, "तोंड उघडलंच हाय तर काढा की आवाज."

मी काढला.